साल्स पिझ्झा

पाटी अजून जुन्याच मालकाची आहे.
हिरव्या-लाल अक्षरांत 'साल्स पिझ्झा'.
बदलायला तेव्हा आठशे डॉलर लागत होते
आणि अत्सेदेपाशी होते एकशे चाळीस,
दोन उसन्या कढया,
आणि झाकणाच्या बादलीत
चार दिवस मुकं बसलेलं तेफचं पीठ.

पीठ आंबेना.
व्हर्जिनियातला जानेवारी, हीटर अर्धमेला.
तिनं बादली तळघरात बॉयलरशेजारी नेली,
आजाऱ्याला पांघरावी तशी शाल पांघरली
आणि रात्रभर पायरीवर बसून राहिली.
पहाटे एक बुडबुडा आला.
ती म्हणते, मी अमेरिकेत आले ती त्या पहाटे,
विमानातून उतरले ते नुसतं सामान.

मी तिच्याकडे भांडी घासायचो.
बाप टॅक्सी चालवायचा, विमानतळाच्या रांगेत झोपायचा.
पगार हिचा दोन-दोन आठवडे उशिरा,
फुटलेल्या बशीचे पैसे मात्र त्याच दिवशी.
कुणी तिला देवी वगैरे म्हटलं की मला हसू येतं.

संडासाच्या दाराजवळचं शेवटचं टेबल
गिऱ्हाइकाला कधीच मिळालं नाही.
तिथे फॉर्म भरले जात:
कोर्टाचे, शाळेचे, भावाला बोलावण्याचे,
नावात बापाचं नाव चुकलेले,
आणि जन्मतारीख, निम्म्याजणांची,
एक जानेवारी.
तिचं इंग्रजी माझ्याहून कच्चं.
ती फक्त बसवायची,
लिहिता येणाऱ्याला, रडू न येणाऱ्यासमोर,
आणि दोघांच्या मध्ये एकच ताट.
"एका ताटात हात घातला की
फी मागायला जीभ रेटत नाही," म्हणायची.

निळ्या पुठ्ठ्याची वही गल्ल्याखाली.
दर डोक्यामागे महिन्याला वीस डॉलर,
कुणी गेलं की पेटी घरी धाडायला.
गोंदर, देस्से, हरार.
कार्गोचे दर तिला तोंडपाठ.
काउंटरवरच्या पोरानं एकदा विचारलं,
या सामानाचं वजन किती?
"सामान नाही, गेताचू," ती म्हणाली,
आणि त्याच्याकडून ते नाव तीनदा वदवून घेतलं.
सदतीस पेट्या.
एकोणिसावी माझ्या बापाची.

तिकडे लढाई पेटली त्या वर्षी
इकडे टेबलं फाटली.
खिडकीकडचे भिंतीकडच्यांशी बोलेनात,
कुणीतरी रात्री काच फोडली.
तिनं पुठ्ठा लावला, दुकान उघडलं,
आणि दोन्हीकडच्यांना, बरोबर एकाच दिवशी,
उधारीची बिलं पाठवली.
भांडायला म्हणून सगळे एकदम आले.
मग भूक लागली.
समेट झाला असं मी म्हणणार नाही. जेवले.

गेल्या मार्चच्या बैठकीत तिनं वही उघडली,
अडतिसाव्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं
आणि पुढे: पाठवायची नाही.
म्हातारे खवळले.
आयुष्यभर आम्हाला घरी पोचवलंस,
आणि तूच इथे, हायवेच्या कडेला?
ती पदरानं चष्मा पुसत राहिली.
"तिकडे आता माझं दार ओळखणारं कोण आहे?
इथे निदान फोन येतात."

फोन येतात हे खरं.
बहुतेक पिझ्झासाठीच.
ती अजून प्रत्येकाला सांगते,
पिझ्झा नाही रे बाबा. भूक आहे ना? ये.

मला तिनं जागा दाखवली,
ओल्या गवतात, खांबावर फक्त नंबर.
वरून विमानं जातात,
चाकं बाहेर काढलेली, उतरणारी.
परतताना गाडीत हातात एक बाटली दिली,
पिठावरचं जुनं आंबट पाणी.
"झाकण घट्ट लावू नकोस," एवढंच बोलली.

मी हिशेबनीस आहे, मला इंजेरा घालता येत नाही.
बाटली फ्रीजमध्ये आहे.
झाकण सैल.